‘फसवलं’चं इंग्रजी

“सांग रे, डिसीव्ह आणि चीट, फरक काय दोन्हींत?”

हेडक्लार्क अण्णासाहेबांनी मला हे विचारलं तेव्हा त्यांच्या समोरच्या खुर्चीत मजूर पुरवणाऱ्या एका ठेकेदाराचा वकील बसला होता. ठाण्याहून आलेला. तोंडात पान. मी दाराशी, त्या दोघांच्या जोड्यांशेजारी, गोणपाटावर होतो. जव्हार संस्थानच्या त्या कचेरीत टेबल-खुर्ची चौघांना. मी पाचवा. मांडीवर फळी, फळीवर कागद. अक्षर माझं सगळ्यांत चांगलं, म्हणून साहेबलोकांना जाणारा प्रत्येक इंग्रजी कागद माझ्या हातून जायचा. पण गोणपाटावरून जायचा.

मी उभा राहिलो. हात जोडले.

“चीट म्हणजे फसवून कुणाचं काही घेणं. डिसीव्ह म्हणजे खोटं ते खरं वाटायला लावणं. काही घेतलं नाही तरी डिसीव्ह होतं.”

“आणि मिसलीड?”

“भलत्या वाटेला लावणं. मुद्दाम लावलं तरी मिसलीड, चुकून लावलं तरी मिसलीड.”

“फ्रॉड?”

“तो कायद्यातला शब्द. लिहिला की पुरावा द्यावा लागतो.”

वकिलानं मांडीवर थाप मारली. “अण्णासाहेब, पोपट झकास पढवलाय तुम्ही!”

“अहो, खरी गंमत पुढेच आहे,” अण्णासाहेब म्हणाले. “ह्याच्या पाड्यावरच्या बोलीत ह्या सगळ्यांना मिळून शब्द एकच. फसवणं. आणि तोही आपल्याकडून उचललेला. फसवायला अक्कल लागते, वकीलसाहेब. ती असती तर ह्यांना शब्दही सुचले असते.”

दोघं हसले. बाकीचे तीन कारकून हसले.

आणि मी हसलो.

हे मी मुद्दाम सांगतोय. अपमान कुणी केला म्हणून विचारलं तर अण्णासाहेबांचं नाव घेणं सोपं आहे. पण त्या दिवशी दात काढून हसलो तो मी. आणि खिडकीबाहेर, आवारातल्या आंब्याखाली माझी सख्खी बहीण बसली होती. ती, तिचा नवरा आणि आमच्या भागातली आणखी चार माणसं. त्या सहा जणांचाच कागद अण्णासाहेबांच्या हातात होता.

मी साखरशेतजवळच्या एका पाड्यावरचा. आम्ही वारली. भात, नाचणी, आणि ती संपली की कंद. आई-बाप लवकर गेले. मला वाढवलं ते माझ्या थोरल्या बहिणीनं, बुधीनं. ती स्वतः तेव्हा परकर नेसणारी पोर. संस्थानच्या शाळेत डोंगरातली चार पोरं घेणार असं कळलं, तेव्हा तिनं माझं मनगट धरलं आणि जव्हारपर्यंत चालवत नेलं. वाटेत मी दोनदा पळालो. दोनदा तिनं पकडलं. मास्तरांसमोर उभी राहून म्हणाली, “याला कागद बोलतो तो समजू द्या. आमाला नाय समजत.”

पाड्यावर परत जाताना तिनं मागं वळून बघितलं नाही. मी रडेन म्हणून.

मी शिकलो. इंग्रजी पाचवीपर्यंत पोचलो. मास्तर बदलून गेले तेव्हा त्यांनी मला आपला जुना इंग्रजी कोश दिला. पुठ्ठा निघालेला, पहिली वीस पानं वाळवीनं खाल्लेली. त्या कोशाच्या आणि अक्षराच्या जोरावर मला कचेरीत नकला करायचं काम लागलं. पाड्यावरची माणसं जव्हारला आली की खिडकीतून मला बघून जायची. आपला माणूस कागदांत बसतो म्हणायची. गोणपाट त्यांना खिडकीतून दिसत नसे.

आता त्या सहा जणांचं सांगतो.

जव्हार संस्थानात, मोखाडा इंग्रजांच्या मुलखात. पण मीठ घ्यायला आमची माणसं मोखाड्याच्या बाजाराला जायची, हद्दीचं त्यांना काही नव्हतं. त्या साली सुगी झाल्यावर बुधी आणि तिचा नवरा जान्या डोक्यावर हिरडा घेऊन बाजाराला गेले. तिथं ठेकेदाराचा मुकादम बसला होता. म्हणाला, जंगलात कोळसा पाडायचं काम आहे, दोन दिवसांची वाट, होळीला घरी परत. प्रत्येकाला एक कांबळं आणि पोटापुरता तांदूळ दिला आणि कागदावर अंगठा घेतला. शेजारच्या दाभोसा गावचे काही गेले, आमच्या बाजूचे काही गेले. बुधीनं दोन वर्षांची लेक सासूजवळ ठेवली. होळीपर्यंतचाच तर प्रश्न.

कागदावर बारा महिने लिहिले होते.

कोळसा नव्हताच. आधी गाडीवाट, मग आगगाडी, मग कुठलासा घाट. तिथं रेल्वेसाठी सुरुंग लावून डोंगर फोडत होते. काम सुटलं की माणसं खोपटात घालून बाहेरून कडी घालायचे. होळी तिथंच गेली. आमच्याकडे होळीला माणूस घरी नसला तर त्याच्या नावानं घरचे गप्प बसतात, तो मेल्यासारखे. होळीनंतर सहा जण पळाले. रुळाकडेनं, मग डोंगरातून, मोहाची फुलं खात. आठव्या दिवशी पाड्यावर आले. लेकीनं बुधीला ओळखलं नाही.

मागोमाग ठेकेदाराचं इंग्रजी पत्र आमच्या कचेरीत आलं. त्यात शब्द होता ‘चीटेड’. ह्या सहा जणांनी कांबळी आणि तांदूळ घेऊन ठेकेदाराला चीट केलं, त्यांना पकडून मोखाड्याला हवाली करावं. उत्तर द्यायला सहा जणांची जबानी हवी होती. ती घ्यायचं काम माझ्याकडे आलं. डोंगराची बोली येणारा मी एकटाच.

बुधी बोलली. बाकीचे मान हलवत होते.

“आमाला फसवून नेला. कोळसा सांगला, दगड दिला. होळी सांगला, वरीस लिवला. ढोरावानी कोंडला. फसवून नेला आमाला.”

मराठीत मी ते जसंच्या तसं लिहिलं. आता इंग्रजी करायचं होतं.

दोन दिवस मी त्या एका शब्दावर अडलो. मिसलीड लिहावं तर मऊ पडतं, मुकादम म्हणेल माझ्याकडून चुकून सांगितलं गेलं. चीट हा ठेकेदारानं आधीच वापरलाय. तोच उलटवला तर विचारतील, ह्यांचं काय घेतलं? ह्यांच्यापाशी होतं काय घ्यायला? होळी घेतली, लेकीची ओळख घेतली, हे कुठल्या रकान्यात भरणार? फ्रॉडला पुरावा लागतो आणि पुराव्याचा कागद त्यांच्याच पेटीत. मग डिसीव्ह. खोटं ते खरं वाटायला लावलं. मुद्दाम. जाणून. ‘दे वेअर डिसीव्ह्ड’ असं लिहिलं आणि मला इतका आनंद झाला की काय सांगू. खोलीत एकटाच हसलो.

त्या आनंदाचीही मला लाज वाटते. माझी बहीण आठ दिवस मोहाची फुलं खात चालत आली होती, आणि मी शब्द सापडला म्हणून खूश.

तोच कागद घेऊन मी त्या दिवशी अण्णासाहेबांपुढे गेलो होतो. त्यांनी तो वाचला, वकिलाला दाखवला, मग मला ते प्रश्न विचारले. हसणं झालं. नंतर त्यांनी टाक उचलला आणि ‘डिसीव्ह्ड’वर आडवी रेघ मारली.

“हा शब्द म्हणजे आरोप,” ते म्हणाले. “आरोप केला की चौकशी आली. त्यापेक्षा लिही, दे मिसअंडरस्टुड. त्यांना अटी समजल्या नाहीत. कुणाला लागत नाही, कुणाला खुपत नाही.”

वकील खिडकीबाहेर बघत होता. जणू त्याचा ह्याच्याशी संबंध नाही.

“पण ते तसं बोलले नाहीत,” मी म्हटलं. आवाज माझा मलाच जेमतेम ऐकू आला.

“ते काय बोलले आणि त्याचं इंग्रजी काय, हे ठरवणारा तू कोण? पुढल्या महिन्यात जागा कायम करायची आहे ना तुझी? का जायचंय परत कंद उकरायला?”

मी गोणपाटावर बसलो. नवा कागद घेतला. ‘मिसअंडरस्टुड’ हा लांब शब्द आहे. सहा नावांपुढे सहा वेळा लिहिला. एकदाही शाई सांडली नाही, एकही अक्षर तिरकं गेलं नाही. अण्णासाहेबांनी कागद उजेडाकडे धरून बघितला आणि म्हणाले, “वा.”

मी बाहेर आलो. बुधी उठून उभी राहिली. जान्या तिच्या मागं, खांद्यावर टॉवेलागत चिंधी टाकून. भला माणूस. लग्नात माझ्यासाठी त्यानं बांबूची बासरी करून आणली होती.

“लिवलास का आमी सांगला तसा?” बुधीनं विचारलं.

“लिवला, बाय.”

ती हसली. माझ्या सदऱ्याच्या बाहीला शाई लागली होती. तिनं आपल्या लुगड्याचा पदर थुंकीनं ओला करून ती पुसायला घेतली. निघत नव्हती. तरी पुसत राहिली.

मी तिच्याशी त्या वेळी जे केलं त्याला इंग्रजीत काय म्हणतात, हे मला कुणीही विचारलं असतं तर मी बिनचूक सांगितलं असतं.

महिना झाला नसेल. मोखाड्याच्या इंग्रज कचेरीतून हुकूम आला. मजुरांनीच सांगितलंय की अटी समजल्या नव्हत्या, म्हणजे ठेकेदारानं फसवलं असं त्यांचं म्हणणं नाही. सबब करार खरा. शिक्षा नाही, पण राहिलेली मुदत भरून द्यावी. शिपाई पाड्यावर गेला आणि सहाच्या सहा जणांना घेऊन गेला. मी पाड्यावर गेलो नाही. कचेरीत काम आहे असं सांगून पाठवलं. काम नव्हतं.

जागा कायम झाली. खुर्ची मिळाली नाही.

पावसाळ्यात घाटात दरड खचली. जान्या ढिगाऱ्याखाली गेला. त्याला काढलं, पण जिवंत नाही. त्याला तिथंच कुठंतरी पुरलं. बुधी तापानं खंगली, कामाची राहिली नाही, म्हणून तिला सोडून दिलं. भात निसवायच्या वेळेला ती परत आली. पाड्यावर गेली, लेकीला बघितलं आणि दोन दिवसांनी जव्हारला माझ्या खोलीवर आली.

दुपार होती. मी जेवून उठलो होतो. ती उंबऱ्यापाशी थांबली. आत ये म्हटलं, आली नाही. लुगडं फाटलं होतं, कपाळ मोकळं होतं. मी खाली बघत उभा राहिलो.

“मोखाड्याला आमाला कागद वाचून दावला,” ती म्हणाली. “आमी बोललू म्हणं, आमाला समजला नाय. आमी कदी बोललू?”

तिनं माझ्या बोटांवरची शाई बघितली.

“तू लिवलास?”

“मीच.”

“कोणी लिवाया लावला?”

“अण्णासाहेबांनी.”

“हात कोणाचा?”

“माझा, बाय.”

 तिला धाप लागली होती. ताप अजून होता अंगात. मी पाण्याचा तांब्या भरला आणि पुढं केला. तिनं तांब्याकडं बघितलं नाही.

“आमाला समजला होता,” ती म्हणाली. “पयल्याच दिशी समजला. बाहेरून कडी पडली तवाच समजला. जान्याला समजला होता. दाभोश्याच्या बारक्या पोरींना समजला होता. समद्यांना समजला होता रं. आमाला समजला नाय असा तू कसा लिवलास?”

 

ती वळली आणि गेली. ओरडली असती, शिव्या दिल्या असत्या, थोबाडीत मारली असती, तर मी निदान रडलो असतो. तिनं तेवढंही दिलं नाही. हातात तांब्या तसाच. मला आठवतं, पाणी पायावर सांडत होतं आणि मी ते बघत होतो.

फसवणाऱ्याला काय म्हणायचं यावर मी दोन दिवस घालवले होते. फसलेल्यांना मूर्ख म्हणायला मला अर्धा तास पुरला होता. मिसअंडरस्टुडचा अर्थ तोच. चूक त्यांचीच. डोंगरातली माणसं, त्यांना काय समजतं. अण्णासाहेब हे तोंडानं म्हणत होते, मी ते माझ्याच बहिणीच्या नावापुढं लिहून दिलं. सुंदर अक्षरात.

दुसऱ्या दिवशी मी कचेरीत गेलो.

हेही सांगायला हवं. कुणाला वाटेल की त्या दुपारी मी पेटून उठलो. नाही. गेलो, गोणपाटावर बसलो, नकला केल्या. दोन महिने जात राहिलो. जेवण जाईना, तरी जात राहिलो. वाटेत आमच्या बाजूचं कुणी दिसलं की दुसऱ्या गल्लीत वळायचो. जागा कायम होती ना.

थंडीत मोखाड्याला इंग्रज साहेबाचा तळ पडला. साहेब फिरतीवर आला की गावाबाहेरच्या माळावर तंबू लागायचे. बुधी तिथं गेली. दाभोश्याचे एक म्हातारा-म्हातारी तिच्याबरोबर होते, त्यांचा मुलगा अजून घाटात अडकला होता. पळून आलेल्या सहांपैकी आणखी तिघंही तिथंच होते. बुधी आणि ते दोघं म्हातारे तंबूसमोर जाऊन बसले. शिपायांनी हाकललं, परत येऊन बसले. तिसऱ्या दिवशी साहेबानं विचारलं, ही माणसं कोण? त्यांची बोली तिथं कुणाला धड कळेना. मग साहेबानं जव्हारला निरोप पाठवला. जबानीचा इंग्रजी कागद घेऊन या, आणि ह्यांची भाषा जाणणारा माणूस आणा.

अण्णासाहेब दमणीत बसले. मी दमणीमागून चालत. जव्हार ते मोखाडा, सगळी वाट. अर्ध्यावर बैल पाण्याला थांबवले तेव्हा त्यांनी मला जवळ बोलावलं.

“बाई काहीही बरळली तरी तुझा शब्द एकच. कागदावर आहे तोच. समजलं?”

“हो,” मी म्हटलं.

खरंच मला त्या वेळीही माहीत नव्हतं मी काय करणार आहे.

तंबूच्या दाराशी साहेबाचं टेबल मांडलं होतं. साहेब तरुण होता, नाक सर्दीनं लाल झालेलं. देवमाणूस वगैरे काही नव्हता. त्याला दुपारच्या आत हे काम उरकायचं होतं. अण्णासाहेबांना खुर्ची दिली. समोर जमिनीवर बुधी आणि ते दोघं म्हातारे. मी मध्ये उभा. बुधीनं माझ्याकडे एकदाच बघितलं, अनोळखी शिपायाकडे बघावं तसं.

साहेबानं विचारलं, करार करताना ह्यांचा गैरसमज झाला होता का? शब्द तोच वापरला त्यानं. मिसअंडरस्टँड.

मी बोलीत विचारलं. “बाय, साहेब इचारतो, तुमाला समजला नव्हता का?”

“समजला होता,” बुधी म्हणाली. “आमाला फसवून नेला.”

सगळे माझ्याकडे बघत होते.  अण्णासाहेब हळूच खाकरले.

“दे वेअर डिसीव्ह्ड, सर.”

साहेबानं टेबलावरचा कागद उचलला. “इथं तर मिसअंडरस्टुड लिहिलंय. सहा वेळा. हे अक्षर कुणाचं?”

“माझं, सर.”

“मग हे काय आहे? मिस्टेक?”

मी तोंड उघडायच्या आत अण्णासाहेब खुर्चीतून अर्धे उठले. “येस सर, मिस्टेक. हिल मॅन, सर. पुअर इंग्लिश.” आणि माझ्याकडे वळून मराठीत, दात आवळून, “हो म्हण. इंग्रजी कच्चं आहे म्हण. सुटशील.”

खरंच सुटलो असतो. डोंगरी माणूस, दोन शब्दांत घोटाळा केला, ह्यावर साहेबाचा लगेच विश्वास बसला असता. जागाही कदाचित राहिली असती. फक्त एकदा मान हलवायची होती. मलाही समजलं नव्हतं, एवढं मान्य करायचं होतं.

 हेच तर मी बुधीच्या नावापुढं लिहिलं होतं.

“नो, सर,” मी म्हटलं. “नॉट मिस्टेक. आय न्यू द राइट वर्ड. आय रोट द राँग वर्ड. आय डिसीव्ह्ड देम.”

साहेबाचा टाक थांबला. त्यानं मला परत बोलायला लावलं. मी परत बोललो. कुणी सांगितलं, असं विचारलं. मी अण्णासाहेबांकडे बोट केलं. म्हणालो, शब्द ह्यांनी सांगितला, लिहिला मी, आणि खोटं आहे हे ठाऊक असताना लिहिला. ह्या लोकांना दोनदा फसवलंय. एकदा मुकादमानं बाजारात, एकदा मी कचेरीत.

मग मी बुधीकडे वळलो. ते कुणी सांगितलं नव्हतं. जमिनीवर बसलो, तिच्या समोर, आणि आमच्या बोलीत म्हणालो, “बाय, मी तुमाला फसवला. मला म्हाईत होता. मी जाणून लिवला.”

म्हातारी कपाळाला हात लावून बसली. म्हातारा मला शिवी देऊन थुंकला. बुधी म्हणाली, “आता बोललास. जान्या व्हता तवा बोलायचा होता.”

एवढंच.

पुढं काय झालं ते थोडक्यात. घाटात अडकलेले चौघं शिमग्याच्या आधी घरी आले. ठेकेदारानं लिहून दिलं की मुकादमानं परस्पर केलं, आपल्याला ठाऊक नव्हतं. मुकादम कुठं गेला कुणालाच माहीत नाही. अण्णासाहेबांनी लिहून दिलं की आपण नोकराच्या इंग्रजीवर विश्वास ठेवला. ते आजही त्याच खुर्चीत आहेत. मी कबूल केलं होतं, म्हणून शिक्षा मला झाली. खोटा तर्जुमा केला म्हणून काढून टाकलं. दाखल्यावर शेरा मारला, ‘विश्वासास अपात्र’. तो शेरा मी कुणापासून लपवत नाही. खरा आहे.

जान्या घाटातच राहिला. कुठं पुरला ते दाखवायला कुणी नाही.

बुधीनं मला घरात घेतलं नाही. पाड्याच्या कडेला मी खोपट बांधून राहतो. दुसऱ्यांच्या शेतात नाचणी लावायला जातो. तिची लेक मला मामा म्हणते, पण आईसमोर नाही.

आणि बाजाराच्या दिवशी मी मोखाड्याला जातो. जिथं मुकादम लोक अंगठे घ्यायला बसतात त्यांच्या समोर पाच पावलांवर बसतो. कुणी अंगठा पुढं केला की म्हणतो, थांब, आधी कागद इकडं. बहुतेकदा कागद दडवतात. दडवला की माणसं आपणच मागं सरतात. दिला तर मी वाचतो. पहिल्यांदा वाचला तेव्हा त्यात अठरा महिने होते. तोंडानं सांगितलं होतं पंधरा दिवस. बारा माणसं उठून गेली, त्यांत तीन बायका होत्या.

पुढच्या बाजाराला मला दोघांनी धरून मारलं. समोरचे दात गेले. त्याच्या पुढच्या बाजाराला मी पुन्हा तिथं बसलो. बोलताना शब्दांतून वारा जात होता, पण ऐकू जात होतं.

नवा मुकादम हुशार आहे. गोड बोलतो. परवा शेजारी येऊन टेकला आणि म्हणाला, “तू कुणासाठी मरतोस रे? तुझ्या सख्ख्या बहिणीनं तुला टाकलंय. ही माणसं तरी तुला माफ करणार आहेत का?”

“नाही,” मी म्हटलं. “करूही नये.”

मी माफीसाठी तिथं बसत नाही. जान्याच्या वाटची माफी देणारं कुणी उरलं नाही, आणि बुधीनं ती देऊ नये असंच मला वाटतं. लाज आहे ती राहणार. ती घेऊनच मी चालतो. पण आमच्या माणसांना समजत नाही, असं आता माझ्या देखत कुणी कागदावर लिहायचं नाही आणि तोंडानं म्हणायचं नाही. कागद कुठल्याही भाषेत येऊ दे, कितीही मोठ्या साहेबाच्या सहीचा असू दे, मी तो आमच्या बोलीत, भर बाजारात, मोठ्यानं वाचणार. उरलेले दात पाडले तरी शेवटच्या ओळीपर्यंत वाचणार.